हक्कसोड

कागद आला तेव्हा मी सुंभ वळत होते.
आधी दादाच्या चपला आल्या, मग धाकट्याच्या,
मग एक अनोळखी बूट, नवा, पुळणीला न सरावलेला,
आणि शाईच्या पॅडचं झाकण उघडल्याचा बारीकसा आवाज.
"सुला, हात पूस गो. हयसर आंगठो दी."

कसला, विचारलं.
"पेन्शनीचो," दादा म्हणाला.
"रेशनाचो," धाकटा म्हणाला, त्याच वेळी.

वाच म्हटलं.
बुटाने वाचलं. अडखळला नाही,
दोनदा उडी मारली फक्त.
ऐकणाऱ्याला कळतं
वहाळावरचा साकव कुठे मोडलाय ते.

परत वाच. मधलं.
तेव्हा कुठे आलं ते:
वडिलार्जित मिळकतीतला माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध
मी राजीखुशीने सोडून देत आहे.
राजीखुशी हा शब्द त्याने फार भरभर म्हटला.

"तुका कित्याक व्हयी जमीन? तुका दिसता काय ती?"

दादा वाईट नाही.
माझ्या तापात तीन रात्री उशाशी बसलाय.
ताट वेळेवर येतं, बांगड्याचे काटे काढून.
काटे काढलेला मासा मी एकेचाळीस वर्षं खाल्ला,
काढू का, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

दिसत नाही, दादा.
समुद्राच्या अंगाला सात माड,
तिसऱ्याला आबांच्या कोयत्याचा चुकलेला घाव, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर.
पाचव्याखालची माती मे महिन्यातही गार.
गडग्यापासून बावीपर्यंत त्रेसष्ट पावलं,
आणि उधाणाचं खारं पाणी आत कुठवर येतं
ते माझ्या टाचांना तुमच्या नकाशाआधी कळतं.
तू डोळे मिटून चालून दाखव.

कुणी बोललं नाही. पॅडचं झाकण लागलं.

माझा आंधळेपणा सरकारने नीट मोजलाय,
शंभर टक्के, शिक्क्यासकट.
जमिनीत माझे किती टक्के
ते मोजायला मात्र मलाच जावं लागलं,
पहाटेच्या एसटीने, वेंगुर्ल्याला.

"सोबत कोण आलंय?" क्लार्कने विचारलं
माझ्या मागच्या मोकळ्या जागेला.
मी आलेय, म्हटलं.
त्याने पॅड सरकवलं. मी परत सरकवलं.

सही येते मला.
पिशवीतून एसटीचा सवलतीचा पास काढला,
कागदावर आडवा धरला, त्याच्या कडेवर अक्षरं बसवली.
शाळेत पुठ्ठ्याची पट्टी असायची, तसंच.
उकार मात्र कडेवर आपटतो, खाली उतरत नाही,
म्हणून माझ्या सुलोचनातला सु
नेहमी पाय दुमडून बसलेला.
(नाव बारशाला ठेवलं. तेव्हा कुणाला काय माहीत.)

हरकतीचा अर्ज दाखल झाला.
पोच मागितली. "घरी पाठवू" म्हणाला.
थांबते म्हटलं. पंख्याखाली दोन तास थांबले.

आता तारखा पडतात. पुढची दिवाळीनंतर.
दादा बोलत नाही. ताट येतं,
बांगडा काट्यांसकट.
पहिल्या दिवशी घशात एक अडकला, डोळ्यांत पाणी आलं,
भाताचा घास गिळून खाली ढकलला.
आता जिभेने शोधते, बोटाने काढते, ताटाच्या कडेला ठेवते.
चव, खोटं कशाला सांगू, जास्त लागते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
मला तर अजून कुणी पेटवलेलंही नाही.

परवा रात्री भांडी घासता घासता वहिनी थांबली.
राखेचा हात पाण्यात तसाच.
"माजो आंगठो कदीच घेतल्यानी गो, माज्या भावांनी.
माका तर दिसत होता सगळा."
मग बराच वेळ नुसता नळ.
मग हळूच:
"तो पास कसो धरतंस, आडवो?"